तुर्कीत शिकलेली गाडी

हॅमिल्टनमध्ये मी गाडी शिकले ती तुर्की भाषेत. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे तू तुर्कस्तानात होतीस का? नव्हते. अजूनही गेलेले नाही. मी पुण्याहून न्यूझीलंडला आले आणि तिथे शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला गाडी शिकवली, त्यांना येत होती त्या एकमेव भाषेत. त्याआधी मराठीत शिकायचा प्रयत्न झाला होता. तो का फसला ते आधी सांगायला हवं.

दोन हजार चार साल असेल. नवऱ्याला इथे आयटीत नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. मी मायक्रोबायॉलॉजीतली एम.एस्सी., पुण्यात एका लॅबमध्ये काम केलेली, आणि इथे आल्यापासून घरात. अर्ज करायचे, मुलाखतीला जायचं, सगळे अगदी गोड बोलायचे आणि नंतर तितकाच गोड नकार यायचा. दुपारी मी दूध तापवायचे, ते उतू जाऊ नये म्हणून समोर उभी राहायचे आणि वाटायचं, एवढ्यासाठीच का सूक्ष्मजंतू शिकले! स्वभाव मुळात तापट, त्यात बोलायला माणूस नाही. संध्याकाळी नवरा दारात पाऊल टाकायचा ते थेट माझ्या तावडीत.

आणि मग एके दिवशी नोकरी लागली. शहराबाहेर बऱ्याच अंतरावर एक दुधाचा कारखाना होता, त्याच्या लॅबमध्ये. मॅनेजरबाईंनी फोनवर अभिनंदन केलं आणि सांगितलं, पाळी सकाळी सहाची, इकडे बस येत नाही, तेव्हा रुजू व्हायच्या दिवसापर्यंत स्वतःला गाडी चालवत यायला हवं. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. नवऱ्याचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. माझ्याकडे लर्नर लायसन्स होतं, कारण लेखी परीक्षा म्हणजे पाठांतर आणि पाठांतरात आपण कधी हरतो? पण ते मिळाल्यापासून पाकिटात झोपलं होतं. आता प्रत्यक्ष रस्त्यावरची परीक्षा पास व्हायची होती, तीही दोनेक महिन्यांत.

नवरा उत्साहाने कामाला लागला. आमची गाडी जपानहून आलेली सेकंडहॅन्ड, किल्ली फिरवली की एक बाई जपानीत काहीतरी लांबलचक सांगायची. ते काय हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्या बाईचं संपलं की नवऱ्याचं सुरू व्हायचं. हा माणूस एरवी मितभाषी, पण शेजारच्या सीटवर बसला की प्रवचनकार. मी ब्रेक दाबला की तो ब्रेक का दाबू नये यावर बोलायचा. आणि तो बोलला की मी उत्तर द्यायचे. तू आधी इंडिकेटर म्हणालास. नाही, आधी मिरर म्हणालो. तू नेहमी असंच करतोस, लग्नाच्या वेळीसुद्धा... गाडी शॉपिंग सेंटरच्या रिकाम्या कार पार्कमध्ये मधोमध उभी आणि आम्ही आत बसून लग्नापर्यंत मागे गेलेले. गाडी मात्र मागे जात नव्हती.

एका शनिवारी ती गेली. आमच्या ड्राइव्हवेमधून उलटी बाहेर काढताना नवरा म्हणाला डावीकडे, मी म्हटलं कुणाच्या डावीकडे, आणि या वादात शेजाऱ्यांचा लाकडी लेटरबॉक्स आडवा झाला. 'कडाड' असा आवाज. त्यानंतर नवऱ्याचा आवाज, आणि त्यावर माझा.

शेजारच्या घरात एक तुर्की कुटुंब राहायचं. मुलगा आणि सून गावात कबाबचं दुकान चालवत, दोघंही सकाळी जात ते अंधार पडल्यावर येत. घरी असत ते मुलाचे वडील, सत्तरीचे, विधुर, पांढऱ्या मिशा, थंडी असो नसो अंगात विणलेलं जाकीट. ते पायरीवर बसलेले असायचे. आम्ही एकमेकांना मान हलवायचो, त्यापलीकडे ओळख नव्हती. ते उठून आले. पडलेल्या लेटरबॉक्सकडे पाहिलं. हातवारे करणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि दोन बोटांनी खूण केली, उतर. आणि माझा नवरा, जो माझ्या वडिलांचंही कधी ऐकत नाही, मुकाट उतरला.

ते आत बसले, पट्टा लावला, समोर बोट दाखवलं आणि म्हणाले, "यवाश, कीझम. यवाश."

यवाश म्हणजे हळू आणि कीझम म्हणजे माझ्या लेकी. हे मला नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं, पण त्या क्षणीही कळल्यासारखंच वाटलं. आम्ही गल्लीला एक वळसा घालून आलो. मी एकदाही भांडले नाही. भांडणार कशी? भांडायला भाषा लागते.

तीच तर सगळी गंमत होती. मराठीत मला प्रत्येक सूचनेवर उत्तर सुचायचं. इंग्रजीत निदान 'बट' म्हणता यायचं. तुर्कीत माझ्याजवळ काहीच नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने लेटरबॉक्स ठोकून उभा केला. शेजारची सून आभार मानायला आली तेव्हा म्हणाली, बाबा विचारताहेत, उद्या किती वाजता? त्यांच्याकडे इथलं पूर्ण लायसन्स होतं, तेव्हा कायद्याचीही आडकाठी नव्हती. वडीलधाऱ्या पुरुषाला अम्जा म्हणतात, काका म्हणावं तसं, हेही तिनेच सांगितलं. त्या दिवसापासून ते माझे अम्जा झाले.

आपल्याकडे कुणाला सांगितलं की म्हणायचे, तुर्की सोपी असणार, आपले कितीतरी शब्द आहेत त्यात. खरं आहे. दुकान त्यांच्याकडे द्युक्क्यान, साबण साबुन, हवा तर हवाच. पण राउंडअबाउटमध्ये शिरताना साबणाचा काय उपयोग? मला लागणारे शब्द वेगळे होते. सोल म्हणजे डावं. सा म्हणजे उजवं. दुर, थांब. बाक, बघ. गेरी, मागे. एक मात्र फुकटात मिळाला, आयना म्हणजे आपला ऐना, आणि अम्जा तो शब्द दर दहा पावलांवर काढायचे. वळायच्या आधी आयना, थांबायच्या आधी आयना. चुकून काही बरं जमलं तर आफेरिन. हा शब्द ते फार जपून वापरायचे, त्यामुळे तो मिळाला की मला पुण्यात पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं.

बाकी सगळी भाषा दोन शब्दांवर चालली, वार आणि योक. वार म्हणजे आहे, योक म्हणजे नाही. पेट्रोल योक. चहा वार. मागून ट्रक वार. सोरुन योक, म्हणजे काही अडचण नाही, आणि हे ते इतक्या शांतपणे म्हणायचे की समोरून दुधाचा टँकर येत असला तरी खरंच अडचण नसावी असं वाटायचं. पुढे माझ्या लक्षात आलं की इथले लोक ज्याला 'स्वीट ॲज' म्हणतात ते हेच.

शिकवणी संपली की त्यांच्याकडे चहा. दोनमजली किटली, छोटे पेले, दूध नाही. पहिल्या दिवशी मी पेला रिकामा केला, त्यांनी भरला. मी पुणेरी, वाटलं, आता नको म्हटलं तर वाईट दिसेल. प्यायले. त्यांनी पुन्हा भरला. असं करत मी पोटात चहाचा डोह घेऊन घरी आले. नंतर सुनेने सांगितलं, पुरे झालं की चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा, नाहीतर समोरचा भरतच राहतो. अम्जांनाही प्रश्न पडला होता म्हणे, एवढीशी पोरगी एवढा चहा पिते कशी.

त्याच टेबलावर मी रस्त्याचा सगळ्यात अवघड नियम शिकले. त्या काळी न्यूझीलंडमध्ये एक चमत्कारिक कायदा होता. तुम्ही डावीकडे वळताय आणि समोरून येणारा उजवीकडे, त्याच रस्त्यात वळतोय, तर तुम्ही थांबायचं आणि त्याला आधी जाऊ द्यायचं. बाहेरून आलेल्या कुणाच्याही डोक्यात हे शिरायचं नाही. नवऱ्याने मला कागदावर बाण काढून समजावलं होतं, त्यावरही भांडण झालं होतं. अम्जांनी चहाचे दोन पेले घेतले. एक माझा, एक समोरच्याचा. समोरचा पेला टेबलाच्या मधोमध आणून उभा केला, त्याच्या मागून साखरेचे खडे रांगेने येताहेत असं दाखवलं आणि म्हणाले, "मिसाफिर." मिसाफिर म्हणजे पाहुणा. मला लख्ख कळलं. तो बिचारा रस्त्याच्या मध्यात उभा आहे, दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखा. आपण घरचे. पाहुण्याला आधी आत घ्यायचं. तो नियम मी पुन्हा कधी चुकले नाही.

आता अम्जांच्या शिकवण्यातला दोष. तो दोष होता हे मला फार उशिरा कळलं.

अम्जा तिकडे आयुष्यभर दोल्मुश चालवत. दोल्मुश म्हणजे आपली वडाप. छोटी बस, ठराविक रस्ता, पण थांबे नाहीत. रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केला की थांबायचं, आत घ्यायचं, आणि उतरायचं असेल तो मागून ओरडतो तिथे सोडायचं. दोल्मुश या शब्दाचा अर्थच मुळी भरलेलं. भरलेल्या मिरचीला ते दोल्मा म्हणतात आणि भरलेल्या गाडीला दोल्मुश, हे ऐकून मला त्या भाषेविषयी फारच आपुलकी वाटली. तर या माणसाला रस्त्यावर हात वर केलेला माणूस दिसला आणि गाडी पुढे निघून गेली, हे सहनच व्हायचं नाही. "योल्जू वार," ते म्हणायचे. उतारू आहे. आणि मी थांबायचे.

आमच्या भागात तशी वर्दळ कमी. पण कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, ब्रेड घेऊन चालत येणाऱ्या एक आजीबाई होत्या. त्यांनी आम्हाला ओळख दाखवायला हात हलवला, आणि योल्जू वार. त्या आधी घाबरल्या, मग बसल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या कोपऱ्यावर वाट बघत उभ्या. त्यांना त्यांच्या फाटकाशी सोडलं की मागून यायचं, "थँक्स हीप्स, डिअर," आणि अम्जा मिशीत हसायचे. तो त्यांचा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ असायचा. उतारूने उतरायच्या आधी काय म्हणायचं तेही त्यांनी मला शिकवलं होतं. म्युसाइत बिर येर्दे इनेजेक वार. सोयीच्या जागी उतरणारं कोणी आहे. मला ते वाक्य फार आवडलं. मी उतरते असं नाही, इथेच थांबव असं नाही. कोणीतरी आहे, आणि जागा चालवणाऱ्याने बघून ठरवायची. आजीबाईंना ते म्हणता येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीने अम्जाच ते दरवेळी पुढच्या सीटवरून म्हणायचे.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक उंच, शांत, हातात पॅड. किल्ली फिरवल्यावर जपानी बाई बोलली, ते दचकले. पण मी गाडी सुरेख चालवली. आयना, सोल, आयना, सा. तळ्याकाठच्या रस्त्याला लागलो तोवर माझी छाती फुगली होती. आणि तिथे फुटपाथच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे होते, हातात पिशवी, आणि त्यांनी हात वर केला.

माझ्या डोक्यात कुणीतरी म्हणालं, योल्जू वार. मी ऐना पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला अलगद लावली. हात मागे नेऊन मागच्या दाराचं लॉकही काढलं.

परीक्षकांनी पॅडवरून मान वर केली. मग विचारलं, आपण का थांबलो आहोत? मी म्हटलं, ते वाट बघताहेत. कशाची? आपली, मी म्हटलं, आणि म्हणतानाच पलीकडे पाहिलं. ते गृहस्थ रस्त्यापलीकडच्या मित्राला हात करत होते. ते खिडकीशी आले, वाकून पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं की मला बरं वाटत नाहीये का. परीक्षकांनी पॅडवर बराच वेळ लिहिलं.

घरी आले तेव्हा अम्जा पायरीवर उठूनच उभे होते. मी म्हटलं, एह्लियेत योक. लायसन्स नाही. त्यांनी विचारलं, का? आणि मग मी जी सुटले! इतक्या आठवड्यांची साठलेली सगळी तुर्की बाहेर आली. हे न्यूझीलंड आहे. इथे योल्जू योक. हात वार, पण योल्जू योक. "बु दोल्मुश देइल," मी ओरडले. ही दोल्मुश नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे माझं तुर्कीतलं पहिलं पूर्ण वाक्य. भांडायला भाषा लागते, आणि ती मला आली होती.

अम्जा नुसते म्हणाले, "तमाम, कीझम." ठीक आहे, लेकी. आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. नवऱ्याने सुटी टाकून शिकवायची तयारी दाखवली, इतक्या मवाळ आवाजात की मला रडूच आलं. सून कुंपणाशी भेटली तेव्हा तिने सांगितलं, बाबा जेवत नाहीत धड, त्यांना वाटतं त्यांच्यामुळे तुझी नोकरी गेली. मी म्हटलं, नोकरी अजून गेलेली नाही, रुजू व्हायच्या आधी परीक्षेची आणखी एक वेळ मिळाली आहे. ती म्हणाली, हे तू त्यांना सांग. माझं ते ऐकत नाहीत, म्हणतात तू ड्रायव्हर नाहीस, तुला काय कळतं.

कसं सांगायचं? घरी जावं तर ते खोलीतून बाहेर येईनात. मग मला सुचलं. रोज दुपारी ते मुलाची व्हॅन घेऊन दुकानात ब्रेड पोचवायला जात. त्या वेळी मी आमच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. थंडी होती, पायांत घाईघाईत अडकवलेल्या जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. व्हॅन वळणावर दिसली. मी हात वर केला.

ते थांबले नसते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण हात वर केलेला माणूस सोडून पुढे जाणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. व्हॅन कडेला अलगद लागली. मी आत बसले. गाडीभर गरम पावाचा वास. मी रात्रीपासून घोकलेलं सगळं विसरले आणि उरलेल्या तीन शब्दांनीच बोलले.

"होजा योक, एह्लियेत योक."

होजा म्हणजे गुरुजी. गुरुजी नाहीत तर लायसन्सही नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला. मिशी थरथरली. मग म्हणाले, "होजा वार." आणि लगेच माझ्या पायांकडे बोट दाखवून, जॅन्डल्स घालून गाडी चालवायची नाही म्हणून हात हलवला. शिकवणी सुरू झालीसुद्धा.

नंतरच्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून एक नवीन धडा गिरवला, न थांबण्याचा. त्यांनाच तो जास्त जड गेला. डेअरीच्या कोपऱ्यावर आजीबाई हात करून उभ्या असायच्या, मी ओठ आवळून सरळ पुढे, आणि अम्जा खिडकीतून वाकून दोन्ही हातांनी त्यांची माफी मागताहेत. मग घरी पोचलो की व्हॅन काढून तेच त्यांना आणायला जायचे. आजीबाईंच्या दृष्टीने सेवेत सुधारणाच झाली.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी नवऱ्याने माझ्या हातावर दहीसाखर ठेवली. अम्जा तांब्याएवढा पाण्याचा जग भरून घेऊन आले. गाडी निघाली की तिच्या मागे पाणी ओतायचं, म्हणजे माणूस पाण्यासारखा जातो आणि पाण्यासारखा परत येतो. नवरा म्हणाला, रस्ता निसरडा होईल. अम्जांना मराठी कळत नव्हती तरी त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बाजूला झाला.

या वेळी परीक्षक बाई होत्या, 'किया ओरा', म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणत बसल्या. चौकात डावीकडे वळताना समोरून एक निळी गाडी उजवीकडे वळायला उभी होती. मी थांबले. मिसाफिर, मी पुटपुटले. पाहुणा गेला, मग मी गेले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तुम्ही प्रार्थना करताय का? मी म्हटलं, नाही, तुर्कीत बोलतेय. तुम्ही तुर्की आहात? नाही, भारतीय. भारतात तुर्की बोलतात? नाही, मी म्हटलं, हॅमिल्टनमध्ये बोलतात. त्या हसल्या. शेवटी गाडी लावली तेव्हा त्यांनी पॅड मिटलं आणि म्हणाल्या, "स्वीट ॲज."

मी घरी येऊन नुसतं एवढंच म्हटलं, एह्लियेत वार. अम्जांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जाऊन किटली चढवली. त्या दिवशी मी पेल्यावर चमचा आडवा ठेवलाच नाही.

रुजू व्हायची सकाळ उजाडली. उजाडली म्हणायचं, बाहेर काळोख आणि आमच्या वायकाटो नदीवरचं ते दाट धुकं. नवऱ्याने डबा दिला, दारात उभं राहून काहीही सूचना केली नाही, हे त्याचं माझ्यावरचं प्रेम. मी शेजारच्या पायरीकडे पाहिलं. मला वाटलं होतं अम्जा जग घेऊन उभे असतील. पायरी रिकामी होती. झोपले असतील, मी मनाला समजावलं, म्हातारं माणूस. पण वाईट वाटलं. जपानी बाई बोलली, मी गाडी मागे घेतली, लेटरबॉक्स जागच्या जागी राहिला, आणि या जगात पहिल्यांदा मी एकटी गाडीत होते.

कोपऱ्यावर दिव्याखाली कुणीतरी उभं होतं. विणलेलं जाकीट, डोक्यावर टोपी. हात वर.

ऐना, इंडिकेटर, कडेला. अम्जा मागचं दार उघडायला लागले, उतारू मागे बसतो म्हणून. मी मान हलवली, माझं लायसन्स अजून पूर्ण नव्हतं, एकटीला चालवता येई, पण सोबत कुणी असलं तर ते पूर्ण लायसन्सवालं हवं आणि त्याने पुढे बसायला हवं असा नियम. ते पुढे बसले, पण अगदी उतारूसारखे, हात मांडीवर, नजर बाजूच्या काचेतून बाहेर. मी चालवत राहिले. पुलावरून गेलो, नदी दिसतच नव्हती. राउंडअबाउटला एक टँकर अंगावर आल्यासारखा आला, मी दचकले, आणि वाट बघितली की आता यवाश येईल. आलं नाही. ते एक अक्षर बोलले नाहीत. आयनासुद्धा नाही. तो सगळा रस्ता माझा मला चालवायला दिला त्यांनी, आणि मला ते कळत होतं, आणि डोळे भरून आले तर पुढचं दिसणार नाही म्हणून मी रडतही नव्हते.

शहराच्या शेवटच्या चौकाजवळ, जिथून पुढे नुसती कुरणं आणि सरळ रस्ता लागतो, त्यांनी घसा खाकरला.

"म्युसाइत बिर येर्दे इनेजेक वार."

मी सोयीची जागा बघितली. बेकरीचा दिवा लागला होता, त्याच्यापुढे कडेला गाडी लावली. ते उतरले, दार लावलं आणि टपावर तळहाताने दोन थापा मारल्या, आपल्याकडे वडापचा पोरगा मारतो तशाच. मी काच खाली केली. जाते म्हणायचं नसतं. "येते हं अम्जा," मी मराठीत म्हटलं, आणि त्यांनी मान हलवली.

मी निघाले. थोडं पुढे गेल्यावर ऐन्यात पाहिलं. धुक्यात, बेकरीच्या उजेडात ते कडेला उभे होते आणि त्यांनी हात वर केला होता. मी थांबले नाही.